निकालाखाली सही कोणाची?

कायदा आणि आपण : वाचकांचे प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि न्यायालये या विषयावरची पत्रे गेले काही महिने साचत होती. त्यांतील सहा या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत, आणि काही पत्रे जागेअभावी थोडी आवरली आहेत.

प्रश्न : माझा बांधाचा दावा दिवाणी न्यायालयात १४ वर्षे पडून आहे. मुलगा म्हणतो, आता संगणकच निकाल देईल, चटकन देईल आणि कोणाचे तोंड बघून देणार नाही. तसे झाले तर वाईट काय?
(एक शेतकरी वाचक, कराड तालुका)

उत्तर : लवकर निकाल लागावा आणि तो निःपक्ष असावा, या आपल्या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. आधी उशिराचे पाहू. देशातील न्यायालयांत मिळून पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. परंतु आपला एक दावा नेमका कोठे अडला आहे हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या रोजनाम्याची, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढून वाचावी. बांधाच्या दाव्यांचे रोजनामे मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांत बहुधा हेच सापडते : प्रतिवादी क्रमांक ३ चे समन्स बजावणी न होता परत, प्रतिवादी क्रमांक २ मयत, वारस रेकॉर्डवर घेण्यासाठी मुदतीचा अर्ज, निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) युक्तिवादासाठी नेमलेले, वकील अन्य न्यायालयात, कोर्ट कमिशन मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयास पत्र, अहवाल अप्राप्त, न्यायाधीशांची बदली. यांपैकी एकाही तारखेला दावा थांबला तो न्यायाधीशांना निर्णय सुचत नव्हता म्हणून नव्हे. यंत्राने निकालपत्र चार मिनिटांत लिहून दिले तरी समन्स घेऊन गेलेल्या बेलिफाला प्रतिवादीच्या घराला कुलूपच दिसणार, आणि मोजणीदार शेतात उतरल्याशिवाय हद्दीचा नकाशा होणार नाही.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांतील ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन यांसारख्या तंत्रांसाठी आहेत, म्हणजे शंभर रुपयांतला जेमतेम पाऊण रुपया. याउलट न्यायालयांतील जुने-नवे अभिलेख स्कॅन करून जपण्यासाठी २,०३८ कोटी रुपये राखले आहेत. हे प्रमाण मला शहाणपणाचे वाटते. ज्या कोर्टात फाइल सापडत नाही म्हणून तारीख पडते, तिथे आधी फाइल सापडायला हवी.

आता निःपक्षपणाचे. मुलाचे म्हणणे वरवर पटते, कारण यंत्राला भाऊबंद नसतात. परंतु आपल्या विरुद्ध निकाल गेला, तर आपण पहिली गोष्ट काय कराल? निकालपत्राची नक्कल काढाल, वकिलांपुढे ठेवाल आणि विचाराल, की साहेबांनी माझा साक्षीदार का मानला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०, नियम ४ न्यायाधीशांवर हेच बंधन घालतो : दाव्याची थोडक्यात हकिगत, निर्णयासाठी निघालेले मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरील निष्कर्ष आणि त्या निष्कर्षाची कारणे. अपील उभे राहते ते या कारणांवर. कायद्याचे राज्य ही संज्ञा भाषणांत फार मोठी वाटते, पण कोर्टाच्या पायरीवर तिचा अर्थ एवढाच असतो, की ज्याने माझ्याविरुद्ध ठरवले त्याने का ठरवले ते लिहून दिले आहे, खाली सही केली आहे, आणि ते कारण मी वरच्या न्यायालयात खोडून काढू शकतो. आज ‘चॅटजीपीटी’सारख्या ज्या भाषा-प्रारूपांचा बोलबाला आहे ती कारणासारखा दिसणारा मजकूर अतिशय सफाईने लिहितात. मात्र तो मजकूर आणि ज्या गणितातून उत्तर निघाले ते गणित यांचा संबंध असेलच, याची हमी त्यांच्या निर्मात्यांनाही देता येत नाही. अशा मजकुरावर अपिलात काय वाद घालणार?

आपल्याकडील न्यायव्यवस्थेने ही रेषा आतापर्यंत तरी जपली आहे. सर्वोच्च न्यायालयाची ‘सुपेस’ ही प्रणाली ६ एप्रिल २०२१ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सुरू केली, तेव्हाच त्यांनी स्पष्ट केले होते, की ती कागदपत्रांतून माहिती शोधून न्यायाधीशांपुढे मांडील, निर्णयाला हात लावणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी लेखी धोरण काढले. निष्कर्ष, दाद, आदेश किंवा निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी ही साधने वापरायची नाहीत, मान्यता दिलेलीच साधने वापरायची आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवायची, असे त्यात बजावले आहे. आपल्या दाव्यापुरते सांगायचे, तर पुढील तारखेला मोजणी अहवालासाठी स्मरणपत्र पाठविण्याचा अर्ज वकिलांकडून द्या. सध्या तरी त्याचाच उपयोग अधिक होईल.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडे आरोपीला शिक्षा देताना संगणकाने काढलेले ‘धोक्याचे गुण’ पाहतात असे ती सांगते. हे खरे आहे का, आणि आपल्याकडे तसे येऊ घातले आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : खरे आहे. विस्कॉन्सिन राज्यात ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली आरोपीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आणि त्याचा पूर्वेतिहास घेऊन तो पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचे गुण काढते. तेथील लूमिस खटल्यात आरोपीला सहा वर्षांची कैद झाली आणि शिक्षा देताना न्यायाधीशांनी या गुणांचा उल्लेख केला. गुण कसे निघाले हे मला पाहता येत नाही, कारण सूत्र हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे, अशी आरोपीची तक्रार होती. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये शिक्षा कायम ठेवली. मात्र हे गुण निर्णायक ठरवता येणार नाहीत आणि अहवालात त्यांच्या मर्यादांची लेखी सूचना असलीच पाहिजे, अशा अटी घातल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

२०१६ मध्येच ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीतील सात हजारांहून अधिक लोकांचे गुण आणि त्यांचे पुढचे वर्तन ताडून पाहिले. ज्यांनी नंतर दोन वर्षांत गुन्हा केलाच नाही, त्यांपैकी कृष्णवर्णीयांना ४४.९ टक्के वेळा, तर गोऱ्यांना २३.५ टक्के वेळा जास्त धोक्याचे ठरवले गेले होते. कंपनीने प्रतिवाद केला, की समान गुण मिळालेले गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण समान प्रमाणातच पुन्हा गुन्हा करतात, तेव्हा मापात खोट नाही. पुढे संशोधकांनी दाखवून दिले, की दोन गटांतील फेर-अटकेचे मूळ प्रमाण वेगळे असेल तर न्याय्यतेच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. म्हणजे कोणती चूक अधिक सोसायची, निरपराध्याला अडकवण्याची की गुन्हेगाराला सोडण्याची, हे कोणीतरी निवडावेच लागते. फौजदारी न्यायातली ही निवड तर सर्वांत जुनी. ती उघड न्यायालयात, उलटसुलट युक्तिवाद ऐकून व्हायला हवी. या प्रकरणात ती एका खासगी कंपनीच्या सूत्रात आधीच होऊन बसली होती, आणि ज्याच्यावर शिक्षा चालली त्याला ते सूत्र पाहण्याचा अधिकार नव्हता.

भारतात जामिनासाठी वा शिक्षेसाठी असे गुण काढण्याची पद्धत नाही. मार्च २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात क्रूरपणे केलेल्या हल्ल्याच्या प्रकरणांत जामिनाची तत्त्वे काय, असा प्रश्न ‘चॅटजीपीटी’ला विचारला होता. परंतु तो केवळ व्यापक चित्र समजून घेण्यासाठी होता, प्रकरणाच्या गुणदोषांवर ते मत नाही, असे आदेशातच नमूद केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका व्यापारचिन्हाच्या वादात पक्षकाराने पुढे केलेले ‘चॅटजीपीटी’चे उत्तर निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, असे स्पष्ट सांगितले. पोलीस तपासात मात्र ही साधने वेगाने येत आहेत, आणि आपल्या राज्याने २०२४ मध्ये त्यासाठी नागपूर येथे ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी स्थापन केली आहे. माझ्या मते लक्ष तिकडे ठेवायला हवे. न्यायाधीशांनी यंत्र वापरले तर आदेशात त्याची खूण राहते; अटक कोणाला करायची हे ठरवताना वापरले तर दोषारोपपत्रात ती राहीलच असे नाही.

प्रश्न : मी गेल्या वर्षी सनद घेतली. एका ज्येष्ठांसाठी युक्तिवादाच्या टिपणात मी चार न्यायनिर्णय दिले, त्यांतील एक अस्तित्वातच नव्हता. सुदैवाने दाखल करण्याआधी लक्षात आले. दाखल झाले असते तर काय झाले असते?
(एक कनिष्ठ वकील, नागपूर)

उत्तर : न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये काय झाले ते आपल्या व्यवसायात आता सर्वांना ठाऊक आहे. विमान कंपनीविरुद्धच्या एका भरपाईच्या दाव्यात वकिलांनी ‘चॅटजीपीटी’ने रचलेले निवाडे सादर केले, विरुद्ध बाजूला ते सापडेनात, आणि न्यायाधीश कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. तो निकाल वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. न्यायाधीशांचा खरा राग यंत्र वापरल्याबद्दल नव्हता. शंका उपस्थित झाल्यावरही वकिलांनी माघार घेतली नाही आणि त्याच यंत्राकडून त्या निवाड्यांचे उतारे मागवून दाखल केले, यावर तो होता.

हा दोष वकिलांपुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश आला. त्यात करदात्याविरुद्ध आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात कोठेच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले आणि अर्धन्यायिक काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी यंत्रातून आलेले निष्कर्ष डोळे मिटून न घेता पडताळून मगच वापरावेत, असे बजावले. वकिलाने चुकीचा निवाडा दिला तर विरुद्ध वकील तो पकडू शकतो. अधिकाऱ्यानेच आपल्या आदेशात दिला तर नागरिकाला रिट याचिकेचा खर्च करून उच्च न्यायालय गाठावे लागते. दोन्हींत चूक तीच असली तरी दुसरीचे वजन मला कितीतरी अधिक वाटते.

आपल्यासाठी उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ‘ई-एससीआर’ या त्याच्याच ऑनलाइन संग्रहात जानेवारी २०२३ पासून विनामूल्य पाहता येतात. न्यायालयानेच निवाड्याला दिलेल्या तटस्थ संदर्भक्रमांकात वर्षानंतर ‘आयएनएससी’ ही अक्षरे असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात ‘बीएचसी’नंतर पीठाची खूण असते. क्रमांक टाकून निवाडा उघडा, मग केवळ शीर्षटीप, म्हणजे वर छापलेला सारांश, न पाहता ज्या परिच्छेदाचा आधार घ्यायचा तो परिच्छेद वाचा, कारण यंत्र कधी कधी निवाडा खरा देते आणि त्याच्या तोंडी भलतेच तत्त्व घालते. ती चूक बनावट निवाड्यापेक्षा पकडायला अवघड. आणि हो, ज्येष्ठांना सांगून टाका; त्यांनीही कनिष्ठ असताना दुसऱ्याच्या डायजेस्टमधून न वाचलेले निवाडे उतरवलेले असतीलच.

प्रश्न : माझ्या भावाविरुद्धच्या तक्रारीत एक ध्वनिफीत दिली आहे. आवाज त्याच्यासारखा आहे, पण तो म्हणतो मी हे बोललोच नाही. हल्ली आवाज बनवता येतो म्हणतात. न्यायालय यात काय करते?
(एक वाचक, जालना)

उत्तर : या विषयावरचा महत्त्वाचा निवाडा आपल्याच जिल्ह्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता, आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा त्याचा पुरावा होता. चित्रीकरणाची प्रत कोणत्या उपकरणातून व कशी निघाली हे सांगणारे, कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र मात्र अधिकारी देईनात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले असेल तर गोष्ट वेगळी, अन्यथा हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट आली असून प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. तो जुळला, तर मूल्य काढल्यापासून फाइल बदललेली नाही एवढे सिद्ध होते. ती जन्मतःच बनावट होती का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणून भावाच्या वकिलांनी पहिल्या संधीलाच तीन गोष्टी मागाव्यात : ध्वनिफीत मूळ कोणत्या फोनवर तयार झाली तो फोन, ती तक्रारदाराकडे कशी आणि कधी आली त्याचा माग, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून तपासणी. भावाला आवाजाचा नमुना देण्यास दंडाधिकारी सांगू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच तो अधिकार मान्य केला आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ३४९ मध्ये आहे. व्हॉट्सअॅपवरून चार हात फिरलेली प्रत एवढाच पुरावा असेल, तर तपासणीसाठी लागणारे तपशील त्यात फारसे उरलेले नसतात, हा मुद्दा आग्रहाने मांडावा.

प्रश्न : सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली. निवृत्तीच्या तोंडावर ‘सिस्टीममध्ये तफावत दिसते’ म्हणून माझ्यावर खातेनिहाय चौकशी लावली आहे. सिस्टीम चूक असू शकते हे म्हणण्याची सोय आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : सोय आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून ‘होरायझन’ ही फुजित्सू कंपनीची हिशेबप्रणाली आली आणि लहान पोस्ट कार्यालये चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. नऊशेहून अधिक लोक चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले; काहींनी तुरुंग टाळण्यासाठी न केलेला गुन्हा कबूल केला. दोष प्रणालीत होता, हे डिसेंबर २०१९ च्या निकालाने प्रस्थापित झाले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. होरायझनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधी बेरीज-वजाबाकी होती. पण तेथील कायद्यात संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची जी अट १९८४ पासून होती ती १९९९ च्या कायद्याने काढून टाकली, आणि त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. ते चुकले हे सिद्ध करण्याचा भार त्या पोस्टमास्तरांवर आला, आणि त्यासाठी लागणारे अभिलेख सगळे पोस्ट खात्याकडे होते.

आपल्याकडे संगणक सुस्थितीत चालत होता हे सांगण्याची अट साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये अजून आहे, आणि तिला किचकट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. खातेनिहाय चौकशीत साक्षीपुराव्याचा कायदा काटेकोर लागू होत नाही, पण नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागतात. दोषारोपाला उत्तर देण्याआधी लेखी पत्राने मागा : त्या दिवसांचा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय नोंदवले याचा माग), आपल्या आयडीवरून झालेल्या व त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलवरून झालेल्या नोंदी, आणि सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे त्या काळात केलेल्या तक्रारी. पत्राची पोच घ्या. कागद नाकारले तर नाकारल्याचे पत्र पुढे कामी येते.

प्रश्न : उच्च न्यायालयाच्या निकालाचे मराठी भाषांतर संकेतस्थळावर मिळाले. ते अपिलाला जोडता येईल का? आणि माझ्यावर आलेल्या दाव्याची कैफियत मी मोबाइलवरच लिहवून घेतली तर चालेल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. भाषांतर पक्षकाराला समजावे म्हणून असते; अपिलाला इंग्रजी निकालाची प्रमाणित प्रतच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचे साधन आणले आणि त्यामुळे अनेक निकाल मराठीत येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कायद्याच्या इंग्रजीत ‘लीव्ह’ म्हणजे अपिलाची परवानगी, आणि ‘लीव्ह ग्रँटेड’चे भाषांतर ‘रजा मंजूर’ होऊ शकते. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे करारातला मोबदला, त्याचा सहज ‘विचार’ होतो. उलट दिशेनेही तेच. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून ‘यानं माझा बांध कोरला’ म्हणतो, तेव्हा त्याला नांगराच्या फाळाने दरवर्षी थोडी थोडी जमीन खाल्ली असे सांगायचे असते, लाकडावर नक्षी काढल्याचे नव्हे. साक्षीच्या शेवटी ‘मजकूर वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असे लिहून सही घेतात. ती नुसती रीत समजू नका. नीट ऐकून मगच सही करा, विशेषतः साक्ष माणसाऐवजी यंत्र उतरवून घेत असेल तेव्हा.

कैफियतीविषयी, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराविषयी : स्वतःचा दावा स्वतः चालवण्यास आडकाठी नाही, मसुदा कशावर लिहिला हे कोणी विचारणार नाही. पण वकिलाशी झालेल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे, मोबाइलमधल्या यंत्राशी झालेल्या बोलण्याला ते नाही, तेव्हा तुमच्या बाजूचे कच्चे दुवे त्याला सांगू नका. शिवाय दाव्यातील प्रत्येक परिच्छेद मान्य की अमान्य हे स्वतंत्रपणे लिहावे लागते. जे नाकारले नाही ते मान्य धरले जाऊ शकते, आणि खाली सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या कथनावर, सही तुमची असते. समन्स मिळाल्यापासून मुदत ३० दिवसांची आहे. न्यायालय कारण नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समन्स कोणत्या तारखेला मिळाले ते आपण कळवलेले नाही. ती तारीख पाहून याच आठवड्यात वकील गाठा, आणि वकील करणे परवडत नसेल तर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.